नुसतं 'अक्का'

कुंदाबाईंच्या घरात माणसं दोन आणि पोपट चार. पोपट मूळचे त्यांचे नव्हते. भिंतीपलीकडच्या लिलाबाईंचे होते, आणि लिलाबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

जळगावात पिंप्राळ्याच्या अंगाला नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसांची एक गल्ली आहे. दोन-दोन खोल्यांची घरं, दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत, दारात कुठं तुळस तर कुठं बोगनवेल. त्या गल्लीत कुंदाबाईंना लहानथोर सगळेच अक्का म्हणत. लिलाबाईंसाठी पुण्यानुमोदनाची प्रार्थना झाली त्या दिवशी त्यांची मुलगी प्रज्ञा घराला कुलूप लावत होती. तिच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये चार पोपट नेणं शक्य नव्हतं. ते कुणाला द्यायचे याची ओट्यावर चर्चा चालली होती, तेव्हा कुंदाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे ठेव."

"अक्का, मुक्या जिवांचं पुण्य लागेल तुम्हाला," कुणीतरी म्हणालं.

"मुके कुठले?" समोरच्या सुनंदाबाई म्हणाल्या. "चौघांतले तिघे दिवसभर भाषणं देतात. आता नानांना घरात बोलायला जागा उरायची नाही."

सगळे हसले. प्रज्ञाही रडता रडता हसली. कुंदाबाई मात्र खाली मान घालून पिंजरे उचलत राहिल्या. पुण्यासाठी त्यांनी पोपट घेतलेच नव्हते. त्यांना त्या पोपटांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता, आणि त्या शब्दाच्या पुढचा शब्द ऐकायचा नव्हता.

त्याचं असं झालं होतं.

लिलाबाई चोपड्याकडच्या. अंगणवाडीत उभी हयात गेली, नवरा लवकर गेला, मुलीला एकटीनं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर या गल्लीत राहायला आल्या. वादळात लिंबावरून पडलेलं पिल्लू, केळीच्या बागेत जाळ्यात पाय अडकलेला पक्षी, असं काही सापडलं की लोक लिलाबाईंच्या दारात आणून ठेवत. बरे झालेले उडून जात. पंखानं अधू राहिले ते घरातच राहिले. मास्तर सगळ्यांत म्हातारा. त्याला अंगणवाडीच्या हजेरीसारखं "हजर बाई" म्हणायला यायचं, आणि सकाळी लिलाबाई वंदना म्हणायच्या त्यातला शेवटचा "गच्छामि" तो त्यांच्याच सुरात लांबवायचा. पेरू तरुण आणि बडबड्या. भोपू शब्द बोलायचा नाही, तो आवाज काढायचा. कुकरची शिट्टी, भंगारवाल्याचा भोंगा, दाराची कडी. आणि चौथी चिमी. तिच्या गळ्याला कंठ नव्हता, एक पाय वाकडा होता, आणि ती काहीच बोलायची नाही. बोलणाऱ्याकडे मान तिरकी करून बघत राहायची.

कुंदाबाई आणि लिलाबाईंची मैत्री चहावरून जमली. पण लगेच नाही जमली. लिलाबाई नव्या राहायला आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात चार वाजता त्यांनी भिंतीवरून हाक मारली होती, "अक्का, चहा!" कुंदाबाई म्हणाल्या, आज चतुर्थी आहे. पुढं एकदा म्हणाल्या, आज गुरुवार आहे. मग शनिवार निघाला, एकादशी निघाली. बौद्धांच्या घरी चहा पिऊ नये असं कुंदाबाईंना कुणी तोंडानं सांगितलेलं नव्हतं. सासूच्या घरात जे कधी झालं नाही ते करायला पाय उचलत नव्हता, एवढंच. लिलाबाईंना ते कळत होतं. तरी त्या रोज हाक मारत. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. मग एक दिवस भिंतीपलीकडून त्या म्हणाल्या, "अक्का, आठवड्यात वार सातच आहेत. आठवा सापडला की सांगा, तोवर चहा झाकून ठेवते."

कुंदाबाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्या फाटक उघडून पलीकडे गेल्या. त्यानंतर अकरा वर्षं चार वाजताचा चहा चुकला नाही.

चारच का, तर तीन ते चार कुंदाबाईंचा जप असायचा. तोही लिखित. छापील चौकटींची वही, एका चौकटीत एक 'श्रीराम', रोज एकशे आठ. सावकाश, वळणदार अक्षरात, मौन धरून. त्या तासात कुणी दार वाजवलं तरी त्या उठत नसत. लिलाबाईंना हे ठाऊक होतं, म्हणून त्या चारच्या आधी कधी हाक मारत नसत. चार वाजले की स्टीलचा पेला भिंतीवर दोनदा वाजवायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, चहा!" रोज ऐकून ऐकून मास्तर आणि पेरूही ते शिकले. त्यांना घड्याळ कुठलं? सकाळी सात वाजता "अक्का, चहा", भर दुपारी "अक्का, चहा". गल्लीत नवा आलेला माणूस फसायचा. कुंदाबाई फसत नसत. पेला वाजला तर लिलाबाई, नाही वाजला तर पोपट. साधा हिशोब होता.

गेल्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता. ऊन असं की कूलरमधून गरम वारा यायचा. कुंदाबाईंची एकाहत्तर नावं लिहून झाली होती. बहात्तराव्या चौकटीत 'श्री' काढला आणि भिंतीपलीकडून हाक आली.

"अक्का!"

घड्याळात चाराला वीस कमी होते. पेला वाजला नव्हता. कुंदाबाईंचं पेन क्षणभर थांबलं. पोपट, असं त्या मनात म्हणाल्या आणि 'राम' लिहिला. मग पुढची चौकट, मग त्याच्या पुढची. एकशे आठ पूर्ण केली, वहीला हात जोडले, डोक्यावरून पदर सारखा केला आणि पेला वाजण्याची वाट बघत बसल्या. चार वाजून गेले. सव्वाचारला त्या उठल्या.

लिलाबाई मागच्या पडवीत, पिंजऱ्यांखाली पडलेल्या होत्या. हातातला पाण्याचा तांब्या कलंडून फरशीवर पाणी सांडलं होतं आणि ते केव्हाच वाळूनही गेलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर सगळ्यांना म्हणतात तसं म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

त्या दिवशी घरी आल्यावर कुंदाबाईंनी वही उघडून पाहिली. बहात्तराव्या चौकटीत 'श्री'च्या पायाशी शाईचा ठिपका पडला होता. पेन थांबलं होतं त्याचा. मग पुढं छत्तीस नावं, एकापेक्षा एक सुबक.

आणि तेव्हाच दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्या हाकेत 'चहा' नव्हता.

पोपट जे शिकले होते ते 'अक्का, चहा' असं जोडूनच शिकले होते. मग त्या दिवशी नुसतं 'अक्का' कोण म्हणालं?

नवऱ्याला त्यांनी हे चार दिवसांनी सांगितलं. नवल पाटील म्हणजे गल्लीचे नाना, एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं जळगाव-धुळे, धुळे-जळगाव. ऐकून घेतलं, टोपी काढली, परत घातली आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "पोपटच व्हता वं. पोपटले काय कळस, पुरं बोलो का अर्धं बोलो? चहा म्हनाना आधी त्याना तोंडमा शेंग उनी व्हई."

"मग एकदा तरी अर्धं म्हणतील ना?"

"म्हनतीन. म्हनतीन ना."

म्हणून पोपट घरी आले.

चारही पिंजरे मधल्या खोलीत, देवघरासमोर टांगले. पहाटे कुंदाबाई आरतीचं निरांजन लावायच्या आणि मागून लिलाबाईंच्या आवाजात "गच्छामि" यायचं. पहिल्या दिवशी त्यांच्या हातातली घंटी तशीच राहिली. पुढं पुढं आरती झाली की त्या थांबायच्या, मास्तरचं म्हणून झालं की मग प्रसाद ठेवायच्या. भोपूनं पहिल्या आठवड्यात कुकरची शिट्टी काढून त्यांना पंधरा वेळा गॅसकडे पळवलं. तो कडी वाजवायचा ती लिलाबाईंच्या दाराची. तशी जड, खालून घासत जाणारी कडी या घराला नव्हतीच. दुपारी घर सुनसान असताना ती कडी निघायची. खर्र, टक. कुंदाबाई दाराकडे बघायच्या. दार उघडंच असायचं आणि उंबऱ्यात ऊन पडलेलं असायचं.

लिलाबाई त्या घरात एका जागी नव्हत्या, पिंजऱ्यांत वाटलेल्या होत्या. एकाकडे त्यांची प्रार्थना, एकाकडे त्यांचं हसणं, एकाकडे त्यांचं दार. पेरूकडे तर त्यांचं झोपेतून उठल्यावरचं "अगं बाई गं" होतं. माणूस गेल्यावर आवाज आधी विसरायला होतो म्हणतात. कुंदाबाईंना ती सोय राहिली नाही. भाजी निवडता निवडता "अगं बाई गं" ऐकू आलं की त्यांच्या तोंडून निघून जायचं, "उठलीस का?"

आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा ती हाक.

"अक्का..." म्हटलं की कुंदाबाई असतील तिथं थांबायच्या. हातात लाटणं असो, बादली असो. श्वास धरायच्या.

"...चहा!"

श्वास सुटायचा. परत लाटणं फिरायचं.

जपाच्या वेळी तर हे ठरूनच गेलं. हाक आली की पेन थांबे, 'चहा' आला की पुढं चाले. वर्षभरातल्या वह्यांचं एक पान ठिपक्यावाचून नव्हतं. देवळात भरलेल्या वह्या जमा करतात. कुंदाबाईंनी त्या दिवसाची वही जमा केली नाही, नंतरच्याही केल्या नाहीत. देवघराखालच्या कपाटात रचून ठेवल्या. एवढं एकच मागणं त्या देवापुढे मागत होत्या. एकदा, फक्त एकदा, कुठल्याही पोपटानं नुसतं 'अक्का' म्हणावं. म्हणजे त्या दिवशीही पोपटच होता असं धरता येईल.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मास्तर कधी अर्धं म्हणाला नाही. पेरूनं एकदाही म्हटलं नाही. पेरूच्या तोंडात मिरची असली तरी तो आधी मिरची टाकायचा आणि मग पूर्ण वाक्य म्हणायचा.

"लई शिस्तीना शेतस," नाना वैतागून म्हणत. "बाईनी अंगनवाडीनं शिकाडेल, बठ्ठा हजर!"

राहता राहिली चिमी. ती बोलत नव्हती म्हणजे तिला येत नव्हतं असं कुठं होतं? कदाचित आयुष्यात एकदाच बोलली असेल. लिलाबाई खाली कोसळताना बघून एकदाच 'अक्का' म्हणाली असेल. कुंदाबाईंची सगळी आशा चिमीवर येऊन बसली. तिला त्या पहिली शेंग द्यायच्या, भिजवलेले हरभरे सोलून द्यायच्या. "बोल ना माय," म्हणायच्या. चिमी मान तिरकी करून बघायची.

पौषापासून नानांनी एक नवं काम अंगावर घेतलं. सकाळी कुंदाबाई देवळात गेल्या की ते चिमीचा पिंजरा गच्चीवर न्यायचे. तिच्या वाकड्या पायाला कोवळं ऊन लागलं पाहिजे, म्हणायचे. कुंदाबाईंना नवलच वाटलं, कारण पिंजऱ्यांना कधी हात लावला नव्हता या माणसानं. पण बरं वाटलं.

मार्च महिन्यात सुनंदाबाईंच्या सुनेनं, सारिकानं, पेरूची आणि भोपूची जुगलबंदी मोबाइलवर घेतली आणि टाकली कुठंतरी. हजारो लोकांनी पाहिली. त्यात वनखात्याचे लोकही होते. एक दिवस प्रेमराज नावाचे वनरक्षक दारात आले. तरुण, नम्र माणूस. पाणी प्यायला आणि चपला बाहेरच ठेवून पिंजऱ्यांसमोर उभा राहिला.

"मावशी, आपले देशी पोपट घरात ठेवता येत नाहीत. कायदा आहे. तुम्ही सांभाळलेत, दिसतंय ते. तुम्हाला काही त्रास व्हायचा नाही. केंद्रात नेतो, मोठी जाळी आहे तिथं, डॉक्टर आहेत. यांच्यासारखे अधू पक्षी कायमचे राहतात."

"कधी न्याल?"

"आखाजी होऊ द्या. नंतरच्या सोमवारी गाडी आणतो."

"तोवर..." कुंदाबाई म्हणाल्या. तोवर काय, ते त्या माणसाला कसं सांगणार?

"अक्का, चहा!" पेरू म्हणाला. प्रेमराज हसला. "नको, चहा घेऊन आलोय," तो पोपटाला म्हणाला.

सारिका रडत आली, पाया पडली. कुंदाबाईंनी तिला उठवलं. तिचा काय दोष? दिवस मोजकेच उरलेत, एवढंच त्यांना कळत होतं. प्रज्ञाला फोन केला. ती म्हणाली, मी येते सोमवारी, आईच्या पोपटांना शेवटचं बघेन.

आखाजीला खानदेशात घराघरात पितरांची घागर भरतात. कुंदाबाईंनी सासू-सासऱ्यांची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचं पान वाढलं. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि लिलाबाईंच्या घरून पोपटांबरोबर आलेला स्टीलचा पेला भरून घागरीशेजारी ठेवला. लिलाबाईंचा पितरांवर विश्वास नव्हता. "अक्का, मेलेली माणसं जेवायला येत नाहीत, जिवंतांना घाला," असं त्या दरवर्षी म्हणायच्या आणि पुरणपोळी मागून खायच्या. चहावर साय धरली. नाना येऊन बघून गेले. 

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी गाडी येणार.

तीन वाजता कुंदाबाई वही घेऊन बसल्या. नाना बाहेरच्या खोलीत लवंडले होते. पेरू दोनदा म्हणाला, मास्तर एकदा म्हणाला. तिन्ही वेळा पेन थांबलं आणि तिन्ही वेळा 'चहा' आला. साठ नावं झाली, सत्तर झाली. आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून एक आवाज आला. या घरात कधी न ऐकलेला, जाड, चिरका आवाज.

"ह्क्हं. अक्का."

पेन थांबलं.

चिमी दांडीच्या टोकाला सरकली होती. मान तिरकी. कुंदाबाईंनी श्वास धरला. एक. दोन. तीन. पंख्याची पाती फिरत होती. पेरू शेंग फोडत होता. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. 'चहा' आला नाही.

त्यांच्या अंगातून वर्षाचं ओझं उतरलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वहीवर पडू नये म्हणून त्यांनी तोंड बाजूला केलं. पोपटच होता. लिलाबाई माझी वाट बघत पडली नव्हती. रामा, पोपटच होता रे.

"ह्क्हं. अक्का."

दुसऱ्यांदा ऐकलं आणि कुंदाबाईंचं रडणं जागीच थांबलं.

तो खाकरा. शब्दाच्या आधीचा तो आखूड, कोरडा खाकरा. एकतीस वर्षं एसटीत "ह्क्हं, एरंडोल! ह्क्हं, पारोळा!" म्हणून जो घशात बसला होता तो. घरातही पाणी मागायचं तर आधी तो. बारशाला नाव ठेवायचं, मयताला चार शब्द बोलायचे, आधी तो. नवऱ्यानं त्यांना जन्मात अक्का म्हटलं नव्हतं. बायकोला कोण अक्का म्हणेल? पण रोज सकाळी गच्चीवर, कोवळ्या उन्हात, एका मुक्या पोपटीणीसमोर बसून ते म्हणत आले होते. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. खाकरून, एकदा, परत एकदा.

मागं चाहूल लागली. नाना दारात उभे होते. टोपी हातात, डोळे मोठे केलेले.

"आयकं का तू?" ते म्हणाले. "चिमी बोलनी! नुसतं अक्का म्हननी. चहा नही म्हननी!"

कुंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पंच्याहत्तरीचा माणूस, गच्चीचा जिना दोनदा थांबून चढणारा.

"आयकं," त्या म्हणाल्या.

"मी तुले सांगं व्हतं. त्या दिनले बी पोपटच व्हता."

"हां."

"मंग? आते तरी सोड ते."

"सोडं," कुंदाबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी नानांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. धुळ्याला एकदा बसमध्ये कुणी पोपट विसरून गेलं होतं आणि त्याचं अर्धं तिकीट फाडायचं की नाही यावरून कसा वाद झाला होता, ती गोष्ट परत सांगितली. कुंदाबाई हसल्या. वाढत राहिल्या.

सोमवारी दहा वाजता गाडी आली. प्रज्ञाही आली होती. आईसारखीच उंच, बोलण्याआधी ऐकून घेणारी. तिनं प्रत्येक पिंजऱ्याशी तोंड नेलं. मास्तरनं "हजर बाई" म्हटलं तेव्हा तिनं तोंडावर रुमाल धरला. प्रेमराजनं एकेक पिंजरा कापडानं झाकून गाडीत ठेवायला सुरुवात केली. नाना फाटक धरून उभे होते, "हळू, भो, हळू" म्हणत.

कुंदाबाई आत गेल्या आणि कपाटातली गेल्या वर्षीची वही घेऊन बाहेर आल्या.

"प्रज्ञा, तुला एक सांगायचं आहे." नाना ऐकत होते, हे त्यांना दिसत होतं. "त्या दिवशी चाराला वीस कमी असताना तुझ्या आईनं मला हाक मारली. मी ऐकली. मला वाटलं पोपट. हे बघ, इथं पेन थांबलं माझं. त्याच्यापुढची छत्तीस नावं लिहून मग उठले मी. तेही पेला वाजायची उगीच वाट बघून."

प्रज्ञानं वही हातात घेतली. त्या ठिपक्याकडे बघत राहिली. गाडीत भोपूनं कुकरची शिट्टी मारली, कुणी हललं नाही.

"कशी मारली हाक?" तिनं विचारलं. "घाबरून?"

"नाही. रोजच्यासारखी. फक्त चहा म्हणाली नाही."

"एकदाच?"

"एकदाच."

प्रज्ञानं त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी वर्षभर धरून चालले होते की ती काही न बोलता गेली. कुणाचं नाव न घेता." तिनं वही मिटली. "हे तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो."

"पोपट त्यासाठीच ठेवून घेतलेत का?"

"हो."

तिनं वही परत दिली. जोरात नाही, हळूच, दोन्ही हातांनी. कुंदाबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बस. चहा टाकते."

"आज चहा नको, अक्का," प्रज्ञा म्हणाली.

त्या 'आज'वर कुंदाबाई जागच्या जागी थिजल्या. दोन वर्षं, चतुर्थी, गुरुवार, एकादशी. भिंतीच्या अलीकडून आपण जे म्हणत होतो ते पलीकडे कसं ऐकू जात असेल, ते त्यांना त्या दिवशी, त्या पोरीच्या तोंडून, नीट ऐकू आलं.

गाडी गेली. प्रज्ञाही तिच्या गाडीनं गेली. वळणावर तिनं हात वर केला की केस मागे सारले, ते कुंदाबाईंना दुरून कळलं नाही.

नाना ओट्यावर बसून होते. टोपी गुडघ्यावर. त्यांनी घसा खाकरला. मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघतच, म्हणाले, "मन्हं खाकरनं बी शिकनी का ती?"

"हो."

"माले ध्यानमाच उनं नही ते."

कुंदाबाई त्यांच्याशेजारी बसल्या. "चार महिने बोलवत होतात तिला," त्या म्हणाल्या. "जिना चढून."

"तुले झोप लागत नव्हती वं," नाना म्हणाले.

दुपारी तीन वाजता कुंदाबाईंनी नवी वही उघडली. छताला चार आकडे रिकामे होते. कुणी गच्छामि म्हणालं नाही, कुणी कडी काढली नाही. पेन सलग चाललं, ठिपका नाही, खोडाखोड नाही. वर्षभरात असं पान लिहिलं गेलं नव्हतं. एकाहत्तर झाली. बहात्तराव्या चौकटीत त्यांनी 'श्रीरा' लिहिलं.

बाहेरच्या खोलीतून खाकरा आला. "ह्क्हं."

पेन थांबलं. त्या वाट बघत राहिल्या, पुढं काय येतं. पाणी, टोपी, चष्मा. काही आलं नाही. कुंदाबाई उठल्या. मौनात, जपाच्या मध्येच उठल्या, तशा त्या आयुष्यात कधी उठल्या नव्हत्या. पदर सावरत बाहेर आल्या.

नाना डोळे मिटून खाटेवर पडले होते. चाहुलीनं डोळे उघडले.

"काय झालं?"

"हाक मारली का?"

"नही. घसा कोरडा पडना व्हता. जा, लिख तू."

त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं. नाना पिऊन परत आडवे झाले, तरी त्या उभ्याच राहिल्या. छाती वर-खाली होताना बघत. मग मागच्या दारी गेल्या आणि भिंतीपलीकडे पाहिलं. कुलूप, पडवी, फरशीवर सरळ पडलेलं ऊन. तिथं कुणी नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, मोठ्यानं, "काय गं?"

आत येऊन बसल्या तेव्हा चाराला पाच कमी होते. बहात्तरावी चौकट त्यांनी तशीच सोडली, 'म'शिवाय, आणि त्र्याहत्तरावी लिहायला घेतली.